नावाशेजारचा कोंब

शनिवार, रात्री साडेअकरा

तीन शाबासक्या मिळाल्या आणि झोप उडाली. लिहिलेलं वाचून पाहिलं, विचित्र वाटतं, पण झालंय एवढंच.

फायनल फँटसी १४ हा ऑनलाइन खेळ नव्याने सुरू केलाय, आज सातव्या दिवशी पहिल्यांदा चौघांच्या गुहेत उतरले. सास्ताशा. लेव्हल १५ ला लागते आणि गोष्ट पुढे न्यायची तर ती टाळता येत नाही. समुद्रकाठची चाच्यांची गुहा, आत ओल, अंधार, रंगीत पोवळी. कुठेतरी एका चिठ्ठीत रंग लिहिलेला सापडतो, त्या रंगाच्या पोवळ्याला हात लावायचा, मग पुढची लढाई. एक टँक, म्हणजे पुढे राहून सगळ्यांचा मार झेलणारा, दोन मारणारे आणि जखमा भरून काढायला मी.

टँक मेला. माझ्यामुळे मेला. माझी बोटं अजून जुन्या खेळाच्या तालावर पडतात. तिथे दीड सेकंदाला एक मंत्र सुटायचा, इथे अडीच सेकंदांना. घाईने दाबलेली कळ वाया जाते आणि तेवढ्यात समोरच्याचं रक्त संपतं. दोघांनी उरलेले चाचे कसेबसे संपवले आणि मी त्याला उठवायचा मंत्र म्हणायला घेतला. आठ सेकंद एका जागी उभं राहावं लागतं. आठ सेकंद किती असतात ते मला आज कळलं.

तो उठला आणि त्याने लिहिलं, पहिलीच वेळ ना, सावकाश जाऊ.

बस, एवढंच. पुढे प्रत्येक वेळी थांबला, माझा माना भरलाय का, म्हणजे मंत्रांची ताकद परत आलीय का, ते बघून पुढे सरकला. शेवटच्या लढाईआधी सांगितलं की जमिनीतल्या जाळ्यांतून बुडबुडे यायला लागले की तिथे हात लाव, नाहीतर खालून आणखी शत्रू वर येतात. मी लावला. जिंकलो. शेवटी प्रत्येकाला सोबतच्यांपैकी एकाला शाबासकी देता येते. तिघांनी ती मला दिली.

जिने टँक मारला तिला.

आई मघाशी डोकावून गेली. "बाय, मूग बघितलेस?" म्हणाली. बघितले. कालपासून फडक्यात बांधलेत, छान कोंब आलेत. उद्या श्रावणातला आयतार, म्हणजे रविवारची पूजा, मोड आलेल्या मुगाची मुगागाठी करायचीय.

आणि कोंबाचंच मला लागलंय.

या खेळात नव्या माणसाच्या नावाशेजारी एक छोटा हिरवा कोंब दिसतो, दोन पानांचा. जाणाऱ्या-येणाऱ्या सगळ्यांना दिसतो. भाच्याने पहिल्याच दिवशी कौतुकाने सांगितलं होतं, "मावशी, तो बघून लोक सांभाळून घेतात." वर गुहेत शिरताना सगळ्यांच्या पडद्यावर एक ओळ येते की तुमच्यातल्या कोणीतरी ही जागा अजून पाहिलेली नाही, ती पार पडली की सगळ्यांना थोडं जास्तीचं बक्षीस मिळेल. म्हणजे मी तिथे असण्याचंसुद्धा बक्षीस. तेव्हा ते तिघे कोणाशी चांगलं वागले? माझ्याशी, त्या पानांशी, की त्या बक्षिसाशी?

चौदा वर्षं मी जखमा भरल्यात. चौदा. वीज गेली, इन्व्हर्टर गेला, फोनच्या इंटरनेटवर कशीबशी चिकटून राहिले पण टँक पडू दिला नाही, अशा रात्री मला मोजता येणार नाहीत. पंचवीस जणांचं रक्त एका नजरेत वाचता यायचं. कोण घाबरट, कोण आगीत उभा राहतो, कोणाला दोन सेकंद आधी वाचवावं लागतं, हे न बोलता ठाऊक असायचं. त्या सगळ्याचं इथे काहीच दिसत नाही. दिसतो तो कोंब.

परत आलेल्यांसाठी या खेळात वेगळं चिन्ह आहे. बराच काळ खेळ सोडून पुन्हा आला की ते नावाशेजारी लागतं. मी परत आलेली नाही आणि नवीनही नाही. दुसरीकडून आलेल्यांसाठी चिन्ह ठेवलेलं नाही.

नवी सून म्हणून गेले होते तेव्हा पहिले आठ दिवस मला साधा पाट उचलू दिला नव्हता. सगळे कसे हळू बोलायचे. नवव्या दिवशी

ते राहू दे.

खेळ सुरू करताना पात्राला नाव आणि आडनाव, दोन्ही द्यावी लागतात. जुन्या खेळात एकच नाव असायचं. आडनावाच्या रकान्यापाशी मी बराच वेळ थांबले होते. शेवटी आजीच्या माहेरचं टाकलं.

या खेळाचीही एक गोष्ट आहे, भाच्याने सांगितलेली, मग मी वाचलेली. हा फायनल फँटसी १४ पहिल्यांदा आला २०१० मध्ये आणि पुरता फसला. त्याच वर्षाच्या शेवटी नाओकी योशिदा नावाच्या माणसाच्या हाती तो दिला गेला. त्याने डागडुजी चालू ठेवली आणि बाजूला सगळा खेळ नव्याने बांधायला घेतला. जुने सर्व्हर ११ नोव्हेंबर २०१२ ला बंद झाले, तेही गोष्टीतच. आकाशात एक तांबडा चंद्र दिवसेंदिवस मोठा होत गेला, शेवटी तो फुटून आतून महाकाय ड्रॅगन बाहेर पडला आणि ते जग जळालं. खेळणारे शेवटच्या दिवशी मैदानात उभे राहून ते बघत होते. २७ ऑगस्ट २०१३ ला नवं जग उघडलं. जुन्यातून आलेल्या पात्रांच्या अंगावर एक गोंदण ठेवलं, ही आधीपासूनची म्हणून.

ते वाचताना मला रडू आलं होतं. गोंदणाच्या ठिकाणी आलं.

आमच्याकडे चंद्र वगैरे काही पडला नाही. त्या खेळाचं नाव इथे लिहीत नाही, त्याच्यावर माझा राग नाही, तो अजून चालूही आहे. फक्त रात्री साडेनऊला उजवीकडच्या यादीत पंचवीस नावं उजळायची, ती अठरा झाली, मग अकरा. कोणाला मूल झालं, कोणाची पाळी बदलली. आमच्यातला पात्रांव इंग्लंडमधल्या स्विंडनला गेला. तिथल्या गोदामात रात्रपाळी करतो, म्हणजे आमची रात्र आणि त्याची रात्र जुळायचं कारणच उरलं नाही. तो टँक होता. तो गेल्यावर मी तीन महिने दुसऱ्या टँकला बरं करत होते आणि प्रत्येक वेळी अर्धा सेकंद चुकत होते. शेवटी चौघे उरलो. एका मंगळवारी साडेनऊला मी एकटीच होते. दहापर्यंत थांबले. मग कॉम्प्युटर बंद केला आणि भांडी घासली.

निरोपाचं काही बोललो नाही कोणी. कोण कोणाला म्हणणार?

या नव्या खेळात अजून एक रुपया भरलेला नाही. लेव्हल ७० पर्यंत फुकट आहे, मूळ खेळ आणि नंतरचे दोन मोठे भाग धरून, दिवसांची मुदत नाही. फुकट खेळणाऱ्याला फ्री कंपनीत, म्हणजे इथल्या गिल्डमध्ये, खेळणाऱ्यांच्या कायमच्या गटात, मात्र जाता येत नाही. भाच्याला ही मोठी अडचण वाटते. मला ते वाचून हायसं वाटलं होतं. यादी नाही, साडेनऊ नाहीत.

आणि सुरुवात खरंच आवडली होती, ते लिहायला हवं. हीलर, म्हणजे जखमा भरणारी, व्हायचं म्हणून कॉन्ज्युरर निवडलं, तर खेळाने ग्रिडानियात नेऊन सोडलं. जंगलातलं गाव, पाणचक्क्या, लाकडी पूल, झाडांतून येणारा हिरवट उजेड. तिथली माणसं जंगलातल्या अदृश्य शक्तींना विचारल्याशिवाय पुढे जात नाहीत. जंगलाची मर्जी ऐकू येणं हीच कॉन्ज्युररची विद्या. मला एकदम केरीची अजोबाची राय, तिथली देवराई, आठवली. सत्तरी तालुक्यात मामांकडे गेलो की ते तिथे न्यायचे, चप्पल बाहेर काढायला लावायचे आणि बजावायचे की वाळकी काटकीसुद्धा उचलायची नाही, राखणदार बघतो. जपानी माणसांनी बनवलेल्या खेळात मला चाळीस वर्षांपूर्वीच्या सत्तरीचा वास येईल असं कोणी सांगितलं असतं तर खरं वाटलं नसतं.

तिथल्या गुरूचं नाव ई-सुमी-यान. चेहरा दहा-बारा वर्षांच्या मुलाचा, डोक्यावर शिंगं, वय मात्र माणसाच्या आयुष्याच्या पार पलीकडचं. पाहणाऱ्याला पोर दिसतो. पहिल्या भेटीत त्याने मला माती, वारा, पाणी असं बाराखडीपासून शिकवायला घेतलं आणि मी पडद्याला मोठ्याने म्हटलं, "अहो, येतं मला."

त्या दिवशी ते कोणी ऐकलं नाही म्हणून बरं वाटलं होतं. आज तेच टोचतंय.

भाच्याने हेही सांगितलंय की कोंब लपवता येतो. एक छोटी कमांड लिहायची, एंटर दाबायचं, संपलं. मघाशी लिहून ठेवली होती. एंटर दाबणार तेवढ्यात वीज गेली. अर्धा तास अंधारात बसले. पावसात फोंड्याला वीज जाते तशी गेली, त्यात नवल नाही, पण त्या अर्ध्या तासात नको ते आठवलं.

पाच-सहा वर्षं झाली असतील. आमच्या गिल्डमध्ये एक नवा हीलर आला होता. शांत मुलगा, आवाजावरून कॉलेजातला. दुसऱ्याच रात्री त्याच्याकडून टँक पडला, मग पुन्हा पडला. पंचवीस माणसं थांबली होती, उशीर झाला होता, सकाळी सगळ्यांना कामं होती. मी त्याला काही बोलले नाही. त्याला काढून टाकलं. बटण होतं, माझ्याकडे हक्क होता, दाबलं, आणि त्याच्या जागी दुसऱ्याला घेतलं. पात्रांव फक्त "आगो" म्हणाला होता, आणि मग पुढची लढाई सुरू झाली. त्याच्या नावाशेजारी कोंब नव्हता. मी सावकाश जाऊ म्हटलं नाही.

इतकी वर्षं हे कधी आठवलं नव्हतं. आठवण्यासारखं काही केलंय असंही वाटलं नव्हतं.

वीज आल्यावर पुन्हा लॉगिन केलं. लिहिलेली कमांड अर्थातच पुसली गेली होती. पुन्हा लिहिली नाही. थोडा वेळ ग्रिडानियाच्या पुलावर उभी राहिले. एक उंच बाई आपल्या मोठ्या पिवळ्या पक्ष्यावरून चालली होती, माझ्यापाशी थांबली, वाकून नमस्कार केला आणि गेली. पानांना केला असेल. असू दे. पानं माझ्याच नावाशेजारी आहेत, आणि मला या जागेतलं खरंच काही येत नाही. अडीच सेकंद थांबता येत नाही. पोवळ्याचा रंग कुठे लिहिलेला असतो ते मी शोधलंच नाही, दुसऱ्याने शोधला. जुन्या खेळातली मी तिथे आहे, साडेनऊच्या त्या यादीत. इथे मी सात दिवसांची आहे, हे खोटं नाही.

हे लिहून जरा हलकं वाटलं. पूर्ण नाही.

रविवार, सकाळी साडेसहा

पोदेराचा, पाववाल्याचा, भोंपू वाजून गेला. आई आंघोळ करून पत्री काढायला कुळागरात, बागेत, गेलीय. मी मूग सोलायला घेतलेत. पाण्यात हलक्या हाताने चोळायचे म्हणजे साली वर तरंगतात आणि कोंब मोडत नाही. घाई केली की कोंब सालीबरोबर जातो आणि मग गाठीत नुसते डाळीचे दाणे दिसतात. आई असे मोडलेले वेगळे काढते, नैवेद्यात घालत नाही.

पाण्यात हात असतानाच लक्षात आलं. हात पुसून लिहितेय, पानावर पाणी पडलंय.

शाबासकी माझ्याकडेही होती. प्रत्येकाकडे एक असते. गुहेतून बाहेर पडण्याआधी द्यायची असते, बाहेर पडलं की ती संधी गेली. मी माझ्या तीन बघत बसले आणि बाहेर आले. त्याला दिली नाही. कोणालाच दिली नाही. चौदा वर्षं मनात धरून होते की टँक पडला की सगळ्यांना हीलर आठवतो, उभा राहिला तर कोणी नाव घेत नाही. आणि काल माझ्यासाठी एवढा थांबत गेलेला माणूस, त्याचं नाव मी वाचलंसुद्धा नाही. त्याच्या नावाशेजारी काही होतं का, तेही पाहिलं नाही. त्याच्याही नावाशेजारी पानं असतील तर?

दोन शब्दांचं होतं नाव, इथे सगळ्यांचं असतं तसं. पहिलं अक्षर आर असावं. मोठी ढाल होती, निळसर. शेवटी तो काय म्हणाला ते आठवतंय. या खेळात ठरावीक वाक्यं निवडून पाठवता येतात, ती लाल-हिरव्या कंसांत येतात आणि ज्याच्या त्याच्या भाषेत दिसतात. म्हणजे त्याची भाषा कोणती होती तेही मला माहीत नाही. थँक यू एवढंच होतं.

आर, मग बहुतेक ओ. त्यापुढचं आठवत नाही. आई आली. नारळ खवायचाय.