जुने सागरी रडार : वीज देण्याआधीची तयारी

जुन्या बाजारात एका रविवारी मिळालेल्या सागरी रडारच्या ट्रान्सीव्हरला (लहरी पाठवणाऱ्या आणि परत घेणाऱ्या संचाला) सहा आठवड्यांत मी एकदाही वीज दिलेली नाही, आणि या टप्प्यावर तेच योग्य आहे असे माझे मत आहे. संच ९.४ गिगाहर्ट्झचा, ४ किलोवॅट पीक पॉवरचा, म्हणजे पल्स चालू असतानाच्या शक्तीचा आहे. सर्वांत लांब पल्स (लहरींचा क्षणिक झोत) ०.८ मायक्रोसेकंदाची असते आणि ती सेकंदाला ६०० वेळा सुटते, त्यामुळे सरासरी शक्ती १.९ वॅटच भरते. एवढ्याशा शक्तीची भीती कसली, असे आपल्या हौशी रेडिओवाल्यांतील काही मित्र विचारतात.

ही शक्ती जिथून बाहेर पडते ते तोंड किती लहान आहे, याचा विचार त्यांनी करावा. वेव्हगाइडचे, म्हणजे लहरी वाहून नेणाऱ्या धातूच्या पोकळ नळीचे, आतील माप २२.८६ बाय १०.१६ मिलिमीटर, म्हणजे क्षेत्रफळ सुमारे २.३ चौरस सेंटिमीटर. त्या तोंडाशी शक्तीची घनता चौरस मीटरला ८ हजार वॅटच्या वर जाते. अशा उपकरणांवर काम करणाऱ्यांसाठी संपूर्ण शरीराची आंतरराष्ट्रीय मर्यादा चौरस मीटरला ५० वॅट आहे. ही तुलना ढोबळ असली, तरी डोळ्याच्या भिंगाला रक्तपुरवठा नसल्याने तेथील उष्णता सहज वाहून जात नाही आणि मोतीबिंदूचा धोका राहतो, हे विसरता येत नाही. चालू संचाच्या वेव्हगाइडमध्ये डोकावायचे नाही, हा नियम मी भिंतीवर लिहून ठेवला आहे. चाचणी डमी लोडवरच (शक्ती हवेत न सोडता आतच जिरवणाऱ्या उपकरणावरच) होईल, कारण ९.४ गिगाहर्ट्झ हा हौशी रेडिओचा पट्टा नाही आणि आपल्या परवान्यावर तेथे प्रक्षेपण करता येत नाही.

मला अधिक काळजी वाटते ती मॉड्युलेटरची, म्हणजे उच्च दाबाच्या पल्स तयार करणाऱ्या भागाची. मॅग्नेट्रॉनचा (लहरी निर्माण करणाऱ्या नळीचा) ॲनोड जमिनीला जोडलेला असतो आणि कॅथोडवर काही हजार व्होल्टची ऋण पल्स येते, त्यामुळे ६.३ व्होल्टच्या निरुपद्रवी दिसणाऱ्या हीटरच्या तारांवरही तोच दाब असतो. मुख्य कपॅसिटर १०० मायक्रोफॅरडचा आहे. ५०० व्होल्टला त्यात १२.५ ज्यूल ऊर्जा साठते, आणि ती हातातून छातीकडे गेली तर जिवावर बेतू शकते. जुना कपॅसिटर पुन्हा नीट दाब धरू लागावा म्हणून तो बाहेर काढून, मोठ्या रेझिस्टरमधून, अनेक तास घेऊन मी पूर्ण दाबापर्यंत चढवला. त्यातला भार उतरवण्यासाठी पुण्याच्या तपकीर गल्लीतून आणलेला १० किलोओहमचा, १० वॅटचा रेझिस्टर कोरड्या फायबरच्या काठीला बसवला आहे. पाच सेकंदांत मीटर शून्याजवळ आला, काठी काढून मी चहा घेऊन परतलो, तर त्याच टोकांवर ३८ व्होल्ट होते. डायइलेक्ट्रिकमध्ये (कपॅसिटरच्या आतल्या विद्युतरोधक थरात) राहिलेला भार असा सावकाश परत येतो. म्हणून आता टोके तारेने जोडलेलीच ठेवतो. स्क्रूड्रायव्हरने शॉर्ट करण्याची सवय कृपया सोडा. वितळलेल्या धातूचे कण थेट चेहऱ्यावर उडतात.

मोठ्या रडारमध्ये दहा-वीस हजार व्होल्टच्या पुढच्या थायराट्रॉन आणि क्लायस्ट्रॉन नळ्यांतून क्ष-किरणही निघतात. जर्मन लष्करातील जुन्या रडारांबाबत नेमलेल्या आयोगाच्या २००३च्या अहवालात हा प्रश्न मध्यवर्ती होता. माझ्या संचाचा दाब त्याहून बराच कमी आहे. प्रक्षेपणाच्या वेळी रिसीव्हरला वाचवणाऱ्या जुन्या टीआर नळ्यांत मात्र किंचित किरणोत्सारी पदार्थ असू शकतो, म्हणून माझ्याकडची मी न उघडता डब्यात ठेवली आहे.

वडिलांना पेसमेकर असल्याने मॅग्नेट्रॉनचे चुंबक त्यांच्या खोलीपासून लांब, गॅलरीतल्या लाकडी पेटीत आहे. झाकण उघडताच वीज तोडणारा मायक्रोस्विच बसवायचा राहिला आहे. तो बसला आणि दहा वेळा तपासला की पुढच्या नोंदीत फक्त हीटरला वीज देईन.