शिजवलेल्या भगरीतही विष उरू शकते

फेब्रुवारी 2024 मध्ये बुलढाणा जिल्ह्यातील लोणार तालुक्यातल्या सोमठाणा गावी, हरिनाम सप्ताहात एकादशीचा भगर-आमटीचा प्रसाद घेतल्यानंतर शेकडो भाविकांना उलट्या-जुलाब सुरू झाले आणि रुग्णांची संख्या इतकी वाढली की झाडांना दोर बांधून त्यांवर सलाईनच्या बाटल्या टांगाव्या लागल्या. अशा घटनेनंतर ‘अन्न तर चांगले उकळले होते’ असे हमखास ऐकू येते. माझ्या मते हाच समज सर्वांत घातक आहे.

उकळल्याने बहुतेक जिवाणू मरतात. परंतु काही जिवाणूंनी आणि बुरशींनी अन्नात आधीच सोडलेले विष त्या आचेला दाद देत नाही. भगरीवर अस्पर्जिलस जातीची बुरशी वाढते. दमट हवेत साठवलेल्या भगरीला, आणि त्याहून अधिक तिच्या पिठाला, ती लवकर धरते. आषाढी एकादशी आणि नवरात्र तर अशाच हवेत येतात. म्हणून सप्ताहाच्या समितीने सुटी भगर किंवा तयार पीठ न घेता, मुदत पाहून पाकीटबंद भगर घ्यावी, ती निवडून स्वच्छ करावी आणि पीठ हवे असल्यास लागेल तेवढेच दळून आणावे. अन्न व औषध प्रशासनही दरवर्षी सणांच्या तोंडावर जवळपास हेच सांगते.

शिजवल्यानंतरचा वेळही तितकाच महत्त्वाचा आहे. पहाटे उतरवलेले मोठे पातेले कीर्तन संपेपर्यंत झाकून ठेवले, की आतले अन्न अतिशय हळू निवते, आणि 5 ते 60 अंश सेल्सिअसच्या टप्प्यात जिवाणू झपाट्याने वाढतात. काहींचे बीजाणू, म्हणजे टणक कवचातले त्यांचे सुप्त रूप, तर उकळीतूनही वाचलेले असतात. त्यामुळे स्वयंपाक पंगतीच्या वेळेला धरून, थोडा थोडा करावा आणि वाढेपर्यंत अन्न वाफाळते ठेवावे. हाताला जखम असलेल्या किंवा जुलाब होत असलेल्या माणसाला, तो कितीही श्रद्धेने सेवेला आला असला तरी, अन्नाला हात लावू देऊ नये. हे त्याला आपुलकीने, पण स्पष्ट सांगावे.

प्रत्येक पदार्थाचा थोडा नमुना फ्रिजमध्ये आणि धान्याची पावती व रिकामी पाकिटे जपून ठेवावीत. दोन-चार जणांना त्रास होताच प्राथमिक आरोग्य केंद्राला कळवले, तर पाकिटावरच्या बॅच क्रमांकावरून तोच माल गेलेल्या इतर गावांना वेळीच सावध करता येते.