न उघडलेल्या सुपरमार्केटने केलेलं नुकसान

आपल्याकडे डीमार्ट येणार म्हटलं की पेठेतले किराणावाले धास्तावतात, इकडे इंग्लंडात टेस्को येणार म्हटलं की तेच, फक्त इथे दोन पार्ट्या असतात, एक म्हणते छोटी दुकानं मेली आता, दुसरी म्हणते गर्दी वाढेल, गाव सुधारेल. मला विचाराल तर खरी भीती तिसरीच, की येणार येणार म्हणून ते येतच नाही!

केंटमधलं डार्टफर्ड बघा. 1999 ला शेजारी खडूच्या जुन्या खाणीत ब्लूवॉटर हा अवाढव्य मॉल उघडला, पार्किंग फुकट, सगळे ब्रँड एकाच छताखाली, मग गावातल्या हाय स्ट्रीटवर, म्हणजे मुख्य बाजाररस्त्यावर, कोण कशाला फिरकेल. त्यावर उतारा म्हणून लोफील्ड स्ट्रीटवर मोठ्ठं टेस्को आणि सोबत घरं असा प्लॅन निघाला. जागा घेतल्या गेल्या, दुकानं रिकामी झाली, खिडक्यांना फळ्या ठोकल्या, आणि मग वर्षानुवर्षं नुसती चर्चा. अशा वेळी आजूबाजूचे मालकसुद्धा हात आखडता घेतात, उद्या सगळं बदलणारच आहे तर आज रंग कशाला लावा, आणि नवा भाडेकरू तरी कुठल्या भरवशावर दुकान थाटेल?

जानेवारी 2015 मध्ये टेस्कोने एका झटक्यात 49 नव्या मोठ्या स्टोअर्सचे प्लॅन गुंडाळले, त्यात डार्टफर्ड पण गेलं. आदल्या वर्षी नफा कोट्यवधी पौंडांनी फुगवून दाखवल्याचं बाहेर आलेलं, आल्डी-लिडल ही दुसरी सुपरमार्केटं स्वस्तात विकत होती, लोक ऑनलाइनकडे वळले होते, म्हणजे कंपनीच्या बाजूने बघितलं तर निर्णय बरोबरच. पण गावाचं काय? नंतर ती जागा बिल्डरकडे गेली, घरं झाली, मधली वर्षं मात्र गेली ती गेलीच. लिव्हरपूलजवळच्या कर्कबीत पण हीच कथा, तिथे तर शेवटी कौन्सिलनेच, म्हणजे तिथल्या नगरपालिकेनेच, टाउन सेंटर विकत घेतलं आणि मग कुठे मॉरिसन्स हे दुसऱ्या कंपनीचं सुपरमार्केट उघडलं.

नियम नाहीत असं नाही हं. 1996 पासून सरकारी धोरण स्पष्ट सांगतं की मोठ्या दुकानासाठी आधी गावाच्या मध्यात जागा शोधा, मग कडेला, नाहीच मिळाली तर बाहेर. आणि मध्यात आलेलं सुपरमार्केट उपयोगीही पडू शकतं, दार हाय स्ट्रीटकडे उघडत असेल आणि पार्किंग दोन-तीन तास मिळत असेल तर माणूस दूध-ब्रेड घेऊन पुढे न्हाव्याकडे, केमिस्टकडे चक्कर मारतो. दार मागे कार पार्कात आणि रस्त्याकडे कोरी भिंत असेल तर मात्र लोक डिकी भरून थेट घरी.

माझा राग आहे तो कौन्सिलांवर, अख्ख्या गावाचं भवितव्य एका कंपनीच्या ताळेबंदाला बांधून ठेवतात. इथे परवानगी मिळाल्यावर साधारण तीन वर्षांत काम सुरू केलं नाही तर ती रद्द होते, पण जागा कंपनीकडेच राहते, ती परत घ्यायची अट करारातच आधी का घालून ठेवत नाहीत?