पार्टिंगलाच टूल का मोडतं?

कोल्हापूरच्या उद्यमनगरात आयटीआय करून लेथवर नवीन लागलेली पोरं हमखास विचारतात, "काका, टर्निंग जमतं, फेसिंग जमतं, मग पार्टिंगलाच टूल का मोडतं?" तुम्हीही तेच विचारलंत, म्हणून सांगतो. टर्निंग म्हणजे फिरत्या बारची बाहेरची गोलाई कापणं, फेसिंग म्हणजे टोक सपाट करणं, आणि पार्टिंग म्हणजे बारचा तुकडा कापून वेगळा करणं.

दोष टूलचा क्वचितच असतो. पार्टिंगचं पातं ३ मिलिमीटर रुंद, आणि खाचेत शिरलं की दोन्ही बाजूंनी कोंडलेलं. कुठे ढिलाई असेल तर ते थरथरतं, चिप (कापलेल्या धातूची साल) अडकते आणि पातं जातं. म्हणून निम्मं काम मशीन सुरू करण्याआधीचं. कापायची जागा चकच्या, म्हणजे बार धरणाऱ्या जबड्यांच्या, जवळ घ्या. २५ मिलिमीटरच्या बारला पातं १५ मिलिमीटरच बाहेर ठेवा. ते चकच्या तोंडाला समांतर बसवा, सॅडल (टूल घेऊन लेथवर सरकणारा भाग) लॉक करा, वरच्या स्लाइडची गिब (ढिलाई काढणारी पट्टी) आवळा.

सेंटर हाइट, म्हणजे टूलचं टोक जॉबच्या (कापायच्या बारच्या) मध्याच्या उंचीवर आणणं, मात्र डोळ्याच्या अंदाजाने नको. मशीन बंद असताना जॉब आणि टूलच्या टोकामध्ये पातळ स्टील पट्टी हलकेच दाबा. पट्टी सरळ उभी राहिली तर टूल सेंटरला आहे. पट्टीचं वरचं टोक तुमच्याकडे झुकलं तर टूल खाली आहे, जॉबकडे झुकलं तर वर. टूल खाली राहिलं की जॉबच्या मध्यावर गाठ उरते आणि शेवटी जॉब टूलवर चढू पाहतो.

आता फीड, म्हणजे टूल जॉबमध्ये पुढे सरकवणं. नवी पोरं भीतीने थांबत थांबत फीड देतात, आणि माझ्या मते सगळ्यात जास्त पाती त्यामुळेच जातात. थांबलेलं टूल कापत नाही, घासतं. घासलं की धार जाते, चॅटर, म्हणजे थरथर, सुरू होतो. २५ मिलिमीटरच्या माइल्ड स्टीलला एचएसएस (हाय स्पीड स्टील) टूल असेल तर १८० आरपीएमच्या आसपास ठेवा, ऑइल सोडत राहा आणि हँडल एका लयीत फिरवा. चिप गुंडाळत बाहेर आली पाहिजे. भुगा पडायला लागला तर फीड कमी पडतोय. बिडाचं (कास्ट आयर्नचं) तसं नाही, त्याची चिप तुटकच येते आणि ते कोरडंच कापतात.

खाच खोल जाऊ लागली की टूल मागे घेऊन थोडं बाजूला सरकवा आणि खाच रुंद करा, चिपला वाट मिळते.

जॉबच्या दुसऱ्या टोकाला टेलस्टॉकचा आधार ठेवून आरपार कापू नका, तुटलेला तुकडा अडकून पातं मोडतो. सुटणारा तुकडा हाताने धरायचा नाही, खाली ट्रे ठेवा. जाड बार मी मध्ये थोडा राखतो, मशीन बंद करून हॅकसॉने तोडतो आणि मग फेसिंग घेतो.