न पाहिलेल्या सरावावरचं भांडण

कोलंबस, ओहायो, ऑगस्ट २०२५. गेल्या सोमवारी प्रशिक्षक रायन डे यांनी एकदाचं नाव जाहीर केलं. ओहायो स्टेट विद्यापीठाच्या अमेरिकन फुटबॉल संघाचा यंदाचा क्वार्टरबॅक, म्हणजे चेंडू फेकून चढाई चालवणारा गडी, ज्युलियन सेयिन. मला वाटलं, सुटलो. आता कोलंबसमध्ये चार दिवस शांततेत जातील. कसलं काय! किराणा दुकानात पिशव्या भरणारा मुलगा, दातांच्या दवाखान्यातली रिसेप्शनिस्ट, आमच्या शेजारचे निवृत्त आजोबा, सगळ्यांचं आता एकच चाललंय: ती जागा हुकलेल्या लिंकन कीनहोल्झवर अन्याय झाला की नाही? आणि यांतल्या एकानंही या दोघांचा सराव पाहिलेला नाही.

हेच मला झेपत नाही. जुलै संपता संपता विद्यापीठाच्या फुटबॉल संघाचा हंगामपूर्व सराव सुरू होतो. तो बहुतांशी बंद दाराआड. पत्रकारांना कधी थोडी मिनिटं आत सोडतात, कधी एखादं सत्र दाखवतात. त्या तेवढ्यावर ही माणसं महिनाभर भांडतात. शेजारच्या आजोबांनी मला परवा कुंपणापाशी थांबवून मोबाइलवर सरावाची एक क्लिप दाखवली. सेयिन चेंडू फेकतो, संघातला झेल घेणारा गडी जेरेमाया स्मिथ तो एका हातानं घेतो, संपलं. आजोबांनी ती पुन्हा लावली, दोन बोटांनी मोठी केली आणि सेयिनच्या डाव्या पायावर बोट ठेवलं. ‘हा पाय बघ. फेकताना मागं राहतोय. टेक्सासची पोरं याला खाऊन टाकतील.’ हंगामाचा पहिलाच सामना टेक्सासशी. मला स्क्रीनवर एक पांढरा बूट आणि हिरवं धूसर काहीतरी दिसलं. तरी मी मान डोलावली, कारण त्यांच्याकडचे टोमॅटो यंदा फार छान आलेत.

कीनहोल्झच्या बाजूनं बोलणाऱ्यांना अडचण एवढीच, की २०२३च्या डिसेंबरमध्ये कॉटन बोल या हंगामाअखेरच्या मानाच्या सामन्यात ऐनवेळी त्याला उतरवलं आणि मिसूरीनं ओहायो स्टेटला १४-३ असं हरवलं. पोरगं तेव्हा पहिल्या वर्षाचं होतं. पण ‘कॉटन बोल आठवतो ना?’ एवढं म्हटलं की वाद संपतो. सेयिन आधी अलाबामा विद्यापीठात होता. तिथले प्रशिक्षक निक सेबन निवृत्त झाल्यावर तो इकडं आला. तिसरा दावेदार टेव्हियन सेंट क्लेअर, इथून तासाभरावरच्या बेलफाउंटन गावचा. त्याला कुणी काही बोलत नाही. गावचं पोर आहे, त्याची पाळी यायची आहे.

सरावातली एक गोष्ट मात्र मला मनापासून आवडते. संघात नव्यानं आलेल्या खेळाडूच्या हेल्मेटवर मधोमध काळी पट्टी चिकटवलेली असते. २०१२ मध्ये अर्बन मायर प्रशिक्षक म्हणून आले, तेव्हापासूनची ही पद्धत. मोठ्या नावाचा असो की छोट्या, पट्टी सगळ्यांना. मेहनत दिसली की सगळ्या संघासमोर ती काढतात आणि खेळाडू दोन शब्द बोलतो. संघ त्याचे व्हिडिओ टाकतो. दीडशे किलोचा गडी हातात हेल्मेट घेऊन आईचं नाव घेताना अडखळतो, ते बघून मी ऑफिसच्या कँटीनमध्ये डोळे पुसलेत. कुणाची पट्टी निघाली, कुणाची राहिली, याचा हिशेब अख्खं शहर ठेवतं.

आईला फोनवर हे सगळं सांगितलं, तर तिचा पहिला प्रश्न: ‘कॉलेजची पोरं ना ती? मग अभ्यास कधी करतात?’ करतात म्हणे. पण यंदा १ जुलैपासून विद्यापीठं खेळाडूंना थेट पैसे देऊ शकतात, पहिल्या वर्षी एका विद्यापीठाला साधारण २ कोटी ५ लाख डॉलरपर्यंत, सगळे खेळ धरून. जाहिरातींचे पैसे २०२१ पासून मिळतच होते. प्रशिक्षक डे यांचा पगार वर्षाला सव्वा कोटी डॉलर, आणि विद्यापीठ सरकारी! आईनं रुपयांत गुणाकार करायचा प्रयत्न केला आणि सोडून दिला. ‘आणि तुला किती देतात?’ या प्रश्नावर मी नेटवर्क गेल्याचं सांगितलं.

पैशापेक्षा मला उन्हाचे नियम जास्त पटले. पहिले दोन दिवस फक्त हेल्मेट, पुढचे काही दिवस हेल्मेट आणि खांद्याचे पॅड, मगच पूर्ण साज. दिवसातून दोनदा जोरकस सराव घ्यायला २०१७ पासून बंदी आहे. तरीही पुढच्याच वर्षी मेरिलंडचा जॉर्डन मॅकनेर हा एकोणीस वर्षांचा खेळाडू व्यायामाच्या सत्रात उष्माघातानं कोसळला आणि दोन आठवड्यांनी गेला. त्यानंतर जो गदारोळ झाला, त्यात तिथल्या प्रशिक्षकाची नोकरी गेली. आमच्या शाळेत पीटीचे सर ग्राउंडवर पाणी पिऊ द्यायचे नाहीत, पोटात कळ येते म्हणून. आम्हाला काही झालं नाही, हे नशीब.

आता पंडितांकडं येते. हंगामाआधी साठेक पत्रकार मतं देऊन क्रमवारी लावतात. यंदा टेक्सास पहिलं, पेन स्टेट दुसरं आणि जानेवारीत राष्ट्रीय विजेतेपद जिंकलेलं ओहायो स्टेट तिसरं. अजून कुणी एक सामना खेळलेला नाही! टेक्सास पहिलं का, तर त्यांचा क्वार्टरबॅक आर्च मॅनिंग. आजोबा आर्ची, काका पेटन आणि एलाय, सगळे नामवंत क्वार्टरबॅक. घराणेशाहीला हसायचं असेल तर फक्त आपल्यालाच का हसता, असं मी ऑफिसात म्हणून घेतलं.

पण कोलंबसचा खरा राग टेक्सासवर नाही, तो घरच्या माणसावर आहे. कर्क हर्बस्ट्रीट नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला इथलाच क्वार्टरबॅक आणि कर्णधार, त्याचे वडीलही इथले कर्णधार, मुलगाही याच संघात होता. १९९६ पासून तो टीव्हीवरच्या सगळ्यात मोठ्या कॉलेज फुटबॉल कार्यक्रमात बसतो. आपला माणूस तिथं बसलाय म्हटल्यावर त्यानं आपली बाजू घ्यायला हवी की नको? तो घेत नाही. उलट पक्षपाताचा आरोप नको म्हणून जरा जास्तच झोडपतो, असं इथल्या लोकांचं म्हणणं. यावरून त्याला इतका त्रास दिला, की २०११ मध्ये तो कुटुंबाला घेऊन चक्क नॅशव्हिलला राहायला गेला. ज्या शहरात बापाचं आणि स्वतःचं नाव, ते शहर सोडलं. गेल्या नोव्हेंबरात कट्टर वैरी मिशिगनकडून घरच्या मैदानावर १३-१० असे हरले, सलग चौथ्यांदा, तेव्हा अर्धं शहर डे यांना काढा म्हणत होतं. जानेवारीत तेच डे जिंकले आणि हर्बस्ट्रीट टीव्हीवर त्यांच्याबद्दल बोलताना गहिवरला. आजोबांची प्रतिक्रिया: ‘आता रडतोय! नोव्हेंबरात कुठं होता?’ मी म्हटलं, आजोबा, नोव्हेंबरात तुम्ही कुठं होता? त्या दिवशी टोमॅटो मिळाले नाहीत.

मला या माणसाची बाजू घ्यावीशी वाटते. जडेजाबद्दल मांजरेकर काय बोलले आणि मग त्यांचं काय झालं, ते तुम्हाला सांगायला नको. पण मांजरेकरांना मुंबई सोडावी लागली नाही. आणि मी तर कोल्हापूरची. शाहू स्टेडियमवर पाटाकडील आणि शिवाजी तरुण मंडळाचा फुटबॉल सामना (आपला, पायानं खेळायचा) असला की बाबा मला खांद्यावर घेऊन जायचे. तिथं शिव्या ऐकल्या त्या पुऱ्या नव्वद मिनिटांच्या, समोर खेळ बघत बघत दिलेल्या. बाहेरगावचे खेळाडू पैसे देऊन आणण्यावरून पेठा-पेठांत वाद झाले, तेही त्या खेळाडूंना खेळताना बघून. न पाहिलेल्या सरावावरून विशीतल्या पोराचा पाणउतारा आम्ही कधी केला नाही. आता दगडफेक झाली आहे, नाही असं नाही. पण तो वेगळा विषय.

इथं राहून मलाही थोडं लागलंच आहे म्हणा. मिशिगनच्या आठवड्यात विद्यापीठाच्या आवारातल्या फलकांवरच्या प्रत्येक एमवर लाल फुली मारतात. दोन वर्षांपूर्वी कुणीतरी आमच्या महाराष्ट्र मंडळाच्या बॅनरवरही एक फुली मारली. अध्यक्ष चिडले. मला मात्र आपण या शहरात मुरलो असं वाटलं.

यंदाचा घोळ वेगळाच आहे. टेक्सासचा सामना इथंच, ३० ऑगस्टला दुपारी बाराला, म्हणजे तुमच्याकडं रात्री साडेनऊला. जेवून निवांत बसा. त्याच शनिवारी मंडळाचा गणपती. सकाळी हर्बस्ट्रीटचा तो टीव्ही कार्यक्रमही इथंच येतोय, कारण त्यातले नव्वदीचे ली कोर्सो त्या दिवशी निवृत्त होताहेत. सामन्याचा अंदाज सांगताना संघाच्या शुभंकराचं मुंडकं डोक्यावर चढवायची त्यांची रीत १९९६ मध्ये इथंच सुरू झाली होती. म्हणजे सकाळपासून रस्ते बंद. समितीत तीन बैठका होऊन ठरलं: आरती नऊला, मोदक साडेनऊला, हॉल साडेदहाला रिकामा.

एवढ्यावर मिटलं असतं. पण ढोल-ताशा पथकातल्या एका पोरानं परवा गटावर फोटो टाकला: टेक्सासचा नारिंगी रंग आणि पथकाचे भगवे फेटे शेजारी शेजारी. फरक शोधून सापडत नाही. हे घालून स्टेडियमच्या बाजूनं मिरवणूक काढायची? ऑस्टिनला शिकलेले एक काका भलतेच खूश आहेत. पोरं म्हणतात, लाल फेटे मागवा. अध्यक्ष म्हणतात, भगवा तो भगवा, त्याला टेक्सासचा काय संबंध. फेटे मी कोल्हापूरहून मागवलेत, आणि महाद्वार रोडवरचा दुकानदार ते परत घ्यायला तयार नाही.