कापसाची बातमी आणि निवेदकाचा आवाज

कापसावरील ११ टक्के आयात शुल्काची माफी ३१ डिसेंबर २०२५ पर्यंत वाढवल्याचे कळल्यावर, शेतातल्या पऱ्हाटीला तेव्हा कुठे बोंडे धरत असल्यामुळे, ऑगस्ट २०२५ मधल्या त्या सायंकाळी, बाहेरच्या कापसाने आमचा भाव पडेल या मोठ्या काळजीने मी एका वाहिनीवरची चर्चा तासभर पाहिली. ज्यांच्या स्पष्टवक्तेपणाचा मला अनेक वर्षे आदर वाटत आला, ते निवेदक पाहुण्यांना बोलूच देत नव्हते. लांब धाग्याच्या कापसाला २०२५-२६ च्या हंगामासाठी क्विंटलला ८,११० रुपये हमीभाव असताना खुल्या बाजारात काय होईल, हा आमचा प्रश्न त्यांनी विचारलाही नाही. बाबांनी मात्र रेडिओवर आकाशवाणीच्या बातम्या लावल्या आणि शुल्कमाफीची मुदत शांतपणे ऐकून घेतली. आकाशवाणीवरचा त्यांचा हा विश्वास मला त्या दिवशी प्रथमच पुरता समजला.