मेथी निवडताना ऐकलेली 'बिगिपीडिया'

आज मेथी निवडता निवडता बीबीसी रेडिओ ४ ची 'बिगिपीडिया' ऐकली. विकिपीडियाची थट्टा करणारी २००९ ची विनोदी मालिका, २०११ मध्ये तिची दुसरी मालिका आली. सगळं काही माहीत असल्याचा दावा करणारी एक वेबसाइट रेडिओवरून बोलते, एवढीच कल्पना. पण ब्रिटिश विनोदवीर निक डूडी आणि मंडळींनी काय ताकदीने मांडलीय! मध्येच एखादी नोंद, मध्येच 'किआन्तो' नावाच्या वाइनसारख्या काल्पनिक पेयाची जाहिरात, आणि सांगण्यातली खात्री सगळीकडे तेवढीच. पडद्यावर निदान खाली संदर्भ असतात, आकड्यावर बोट ठेवून बघता येतं. रेडिओवर नुसता आवाज, कानाला पकडायला दुसरं काहीच नाही. म्हणूनच ही थट्टा रेडिओवर इतकी लागते, असं मला मनापासून वाटतं.

तेवढ्यात फॅमिली ग्रुपवर काकांचा व्हॉइस मेसेज आला. शुगरची गोळी सोडा, अमुक काढा घ्या. तोच ठाम स्वर! हातातली जुडी तशीच ठेवली आणि आधी बाबांना फोन लावला. 'गोळी घेतलीत ना?' घेतली होती. मग काकांशी अर्धा तास बोलले. भाजी आज उशिराच झाली.